सपाट समुद्र

व्हिडिओ बारीक करणाऱ्या चिपचा सात जन्मांचा वैरी कोण, तर समुद्र. भिंत, दार, आभाळ ही मंडळी गुणी असतात. एकदा दिसली की तशीच राहतात, म्हणून चिप त्यांना एकदाच टिपून ठेवते आणि पुढं फक्त काय हललं तेवढंच नोंदवते. चित्राचं वजन घटतं ते त्यामुळं. समुद्रात मात्र सगळंच हलतं. चिप बिचारी एकेक लाट टिपत बसते आणि शेवटी दमून चित्राचे चौकोनी तुकडे पाडते.

उन्नतीला हे कॉलेजातच शिकवलं होतं. तरी बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात, धर्मेशभाईंच्या पाचजणांच्या कंपनीत, ही चिप समुद्रावरच चालवून दाखवायची असा हट्ट तिनंच धरला. मुरबे गावच्या तांडेलाची, म्हणजे मच्छीमार बोटीच्या कप्तानाची पोरगी ती, दुसरं काय सुचणार? बापाच्या बोटीवर कॅमेरा बसवायचा, आणि मोबाईलची रेंज कितीही पुसट असली तरी चित्र किनाऱ्यावर आलं पाहिजे. बोटीवर काही बरंवाईट झालं तर घरी कळलं पाहिजे, एवढीच तिची इच्छा होती.

कमलाकांत तांडेलांनी लेकीच्या हौसेखातर कॅमेरा लावू दिला. खलाशांनी मात्र बोंब ठोकली. बोटीवर संडास नसतो, मागच्या काठाला धरून बसायचं, हीच तिथली रीत. मासवणकडच्या पाड्यावरून हंगामापुरता कामाला येणारा मंगळ्या सगळ्यांच्या वतीनं बोलला, "बाय, आमी बसायचं कुठं? तो डोळा तिकडं दर्याकडं फिरव." सगळे खदखदून हसले. उन्नती लाजली आणि तिनं कॅमेरा काठाच्या पलीकडं, बोटीमागच्या पाण्याकडं वळवला.

मग मुंबईहून गुंतवणूकदार आले. आजकाल गल्लीबोळात कॅमेरे लागलेत आणि चित्रं साठवायला जागा पुरत नाही, त्यामुळं अशा चिपवर पैसेवाल्यांचा भारी डोळा असतो. आलेल्यांत मुख्य होत्या रिद्धी मॅडम. शांत, नीटस बाई, चहासुद्धा अर्धाच घेणाऱ्या. पडद्यावर समुद्र आला आणि तुकडे तुकडे होऊन लटपटू लागला. मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. पुढच्या खेपेला हे सुधारलं तर बघू, असं म्हणून त्या निघून गेल्या.

धर्मेशभाईंचं तोंड उतरलं. "लाटांकडं कोण बघतंय, उन्नती? सपाट कर ना."

तिनं सपाट केल्या. लाटांमध्ये जे काही लहानसं, क्षणभर हलणारं दिसेल ते लाटच समजायचं आणि पुसून टाकायचं, अशी अट तिनं चिपला घातली. हे बरोबर नाही हे तिला कळत होतं. पण पाच घरं त्या गाळ्यावर चालत होती, आणि गरजवंताला अक्कल नसते. दुसऱ्या खेपेला समुद्र इस्त्री केलेल्या चादरीसारखा आला. रिद्धी मॅडमनी पूर्ण चहा घेतला. करारावर सह्या पुढच्या भेटीत करू म्हणाल्या. बोटीवरच्या चिपमधली अट काढून टाकते, असं उन्नतीनं म्हणून पाहिलं, पण सह्या होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असं धर्मेशभाईंनी बजावलं. तिनं मान डोलावली.

सह्यांच्या आधीच बोटीवरून मंगळ्या नाहीसा झाला.

उजाडताना तो उठून मागच्या काठाकडं गेला, हे एकट्या तांडेलांनी पाहिलं होतं; बाकीचे खलाशी झोपेत होते. चहाला हाक मारली तर कुणी ओ देईना. बोट मागं फिरली, आजूबाजूच्या बोटीही आल्या, दर्या धुंडाळला. माणूस मिळाला नाही, अंगावरचं फडकंसुद्धा मिळालं नाही. पोलिसांनी हरवल्याची नोंद केली. पाड्यावर तर उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणे, आदल्या संध्याकाळी बोट बर्फासाठी सातपाटीला थांबली होती, तिथंच उतरून पळाला. म्हणे, कुणी बाई होती. तांडेल आपली कातडी वाचवायला खोटं बोलतोय, असंही लोक म्हणू लागले.

मंगळ्याची बायको कमळी चारचौघांत मान वर करेनाशी झाली. कमलाकांत स्वतः तिला गाळ्यात घेऊन आले. सगळ्या वाटेत ते एकच सांगत होते, "माझ्या पोरीच्या कॅमेऱ्यात दिसल. मंग कोणाचं तोंड उघडायचं नाय."

त्यांना पाहताच उन्नती उठून उभी राहिली. आदल्याच दिवशी तिनं ते चित्र एकटीनं बसून पाहिलं होतं, पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. चिपनं जे पुसून टाकलं ते जगात कुठंच उरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी बापाच्या तोंडावर नाही म्हणायचा धीर तिला झाला नाही. तिनं पहाटेचं चित्र लावलं.

कमळी पडद्यासमोर उकिडवी बसली. उजाडलं, पाणी करडं झालं, मग निळसर झालं. कुठं काही नाही. तिनं पापणी हलू दिली नाही. चित्र संपलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "एवढा निवांत दर्या? मंग तो पडल कसा?"

तांडेल लेकीकडं बघत राहिले. उन्नती जमिनीकडं बघत राहिली. खरं सांगायची वेळ तीच होती आणि तिनं ती घालवली. संध्याकाळपर्यंत पाड्यावर बातमी पोचली, की कॅमेऱ्यात सगळं आलंय आणि मंगळ्या काही पडलेला नाही. आता तर पुरावाच झाला.

सह्यांच्या दिवशी उन्नतीला राहवलं नाही. धर्मेशभाई पेन पुढं करत होते, तेवढ्यात ती मध्येच बोलली. लाटा कशा पुसल्या, त्यात माणूस कसा पुसला गेला असणार, सगळं सांगितलं. आता कंपनी बुडणार, हे धरूनच ती बोलली होती. बुडू दे, पण मॅडम हादरतील, चौकशी होईल, कुणीतरी मोठं माणूस म्हणेल की मंगळ्या पळाला नाही, अशी तिला आशा होती.

रिद्धी मॅडम खरंच हादरल्या. त्यांचे डोळे भरून आले. डोळे टिपून त्यांनी विचारलं, "पण आपण तर मॉल आणि पार्किंगसाठी घेतोय. तिथं लाटा नसतात, बरोबर?"

"बरोबर," धर्मेशभाई म्हणाले.

"मग बोटींचं हे काम बंदच करून टाका. फार वाईट झालं." आणि त्यांनी सही केली. गरज सरो, वैद्य मरो. उन्नतीचा पगार वाढणार असल्याचं तिला त्याच दुपारी कळलं.

पोलीस चौकीतही तिनं लिहून दिलं. माणूस दिसत नाही म्हणजे तो तिथं होता, असं कागदावर कसं घ्यायचं, असं तिथल्या हवालदारानं तिला विचारलं. त्याचंही चूक नव्हतं.

शेवटी ती मासवणला गेली. कमळी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. शेजारणी आपापल्या दारात उभ्या होत्या, आणि उन्नती त्यांनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलली. "ताई, तुमचा माणूस पळाला नाही. तो पडला. आमच्या यंत्रानं त्याला पुसलं. मीच तसं करून ठेवलं होतं. माझी चूक आहे."

कमळीनं शेंगा बाजूला ठेवल्या. तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळलं, आणि उन्नतीला वाटलं, आल्याचं सार्थक झालं.

"तू पाह्यलंस त्याला पडताना?" कमळीनं विचारलं.

"नाही. पण..."

"पुसायच्या आगोदर पाह्यलंस?"

"नाही, ताई. ते कुणालाच बघता येत नाही. यंत्र आतल्या आत पुसतं."

कमळीनं शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या. चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. एका दारातून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मंग तूबी या लोकांसारखीच बोलतेस, बाय," ती म्हणाली. "ते म्हणतात पलाला, तू म्हणतेस पडला. पाह्यलं कोणीच नाय."