उलटा घातलेला शर्ट

मित्रांनो, मी एक जुना सुती शर्ट आहे आणि मला उलटा घालतात. हसू नका! शिवणी आत राहिल्या तर घरातल्या धाकट्या पिटुकलीच्या नाजूक कातडीला टोचतात.

आधी मी तिच्या ताईचा होतो. धुऊन धुऊन मऊ झालो, रंग उडाला आणि कपाटाच्या तळाशी गेलो. आता आपलं फडकंच होणार, असं धरून चाललो होतो. तेवढ्यात पिटुकलीला रक्ताचा मोठा आजार झाला. ताईने तिला आपल्या मूळपेशी दिल्या. नवं रक्त तयार करणारं बियाणंच ते. पिटुकली दवाखान्यातून घरी आली तेव्हा आईने नवेकोरे कपडे बाजूला सारले आणि मला काढलं. केवढा माझा मान!

आई रोज तिला कोमट पाण्याने अंघोळ घालायची आणि क्रीम लावताना बोटांच्या बेचक्याही निरखायची. मग एकदा पिटुकली म्हणाली, "मी मोठी झाले. आता माझी मी अंघोळ करणार." आई इतकी हरखली, की लगेच हो म्हणाली.

मला मात्र ठाऊक होतं. तिच्या कोपरांच्या आत लाल चट्टे उठले होते. ती माझ्यावरूनच खाजवायची आणि कुणी आलं की बाह्या खाली ओढायची. मला कुठे तोंड होतं सांगायला? पण मला धुवायला घेताना आईला बाहीवर रक्ताचा ठिपका दिसला. मला तसंच हातात घेऊन ती पिटुकलीकडे धावली आणि तिची कोपरं पाहिली.

"हे कधीपासून गं? बोलली का नाहीस?"

"तू ताईला रागावशील."

"ताईला? ती का म्हणून?"

"डॉक्टरकाका म्हणाले होते ना, चट्टे आले तर समजायचं, ताईच्या पेशी माझ्या कातडीशी भांडताहेत." पिटुकलीला रडू फुटलं. "तिने चांगल्या मनाने दिल्यात."

दारात उभी असलेली ताई म्हणाली, "अगं वेडाबाई, मी काय त्यांना भांडायला शिकवून पाठवलं? आणि आपलं भांडण झालं की आईकडे चुगली करायला तूच पळतेस ना? मग आत्ताच कुठली शहाणी झालीस!"

पिटुकली रडता रडता हसली. आईने दोघींना एकदमच कुशीत ओढलं. मी मध्ये पार चुरगळलो.

त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासलं. चट्ट्यांना मलम दिलं, पोटात घ्यायचं औषध वाढवलं. "लवकर आणलंत, बरं केलंत," म्हणाले. आता चट्टे फिकट होताहेत. मलम ताई लावते, गुदगुल्या करत.

मित्रांनो, अंगावर काही उठलं, खाजलं, दुखलं, तर कुणावरच्या मायेपोटीही ते झाकून ठेवू नका. आम्ही कपडे तुम्हाला ऊब देऊ, पण तुमच्या वतीने आईला हाक नाही मारू शकत. ती तुम्हीच मारा.