अकाले डोंगर उतरला

माझ्या नवऱ्याला एका जागी बसवत नसे. जेवतानाही घास हातात घेऊन दारापर्यंत जाऊन यायचा. बायका त्याला दावणीचं खेचर म्हणायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

अकाले राजाचा मुलगा. बाप वारला, सावत्र भाऊ गादीवर बसला आणि रीतीप्रमाणे बाकीच्या भावांना आमच्या डोंगरावर आणून कोंडलं, पुढे भांडण नको म्हणून. अकाले तेव्हा इतका लहान होता, की पडू नये म्हणून त्याला खेचराला बांधून आणलं होतं. वर सगळं होतं. जवाची शेतं, चर्च, पाण्याचं टाकं, शिकवायला साधू. चारी बाजूंनी तुटलेला कडा आणि उतरायला एकच वाट. त्या वाटेवरच्या दरवाजाचा पहारा माझ्या बापाकडे, देग्नाकडे होता.

बापानंच माझं लग्न त्याच्याशी लावलं. "सेबेले, तो काय बोलतो ते मला सांगत जा," म्हणाला.

महिन्याभरानं विचारलं, "काय म्हणतो अबेतो?" राजपुत्रांना आम्ही अबेतो म्हणतो.

"नदी किती रुंद असते, ते विचारतो."

"मग तू काय सांगितलंस?"

"वरून दोऱ्याएवढी दिसते, म्हटलं. अजून काय सांगू?"

आमचा लिसाने रांगायला लागला, त्या वर्षी अकालेनं पळायचं ठरवलं. माझी शाल डोक्यावरून घेतली, पाठीला घागर बांधली आणि खालच्या झऱ्यावर निघालेल्या बायकांत मिसळला. दरवाजातून बाहेरही पडला. पण ओझ्याखाली वाकलेली बाई कशी चालते हे त्याला कुठून ठाऊक? सगळ्यांना मागे टाकून ढांगा टाकत सुटला.

"पोरी!" माझा बाप वरून ओरडला. "एवढे लांब पाय कधी फुटले गं तुला?"

पहारेकरी पोट धरून हसले. मग बापानं हसू आवरलं आणि त्याच्या पायात बेड्या घातल्या. त्या पावसाळाभर होत्या. बेड्या घालूनही तो घरात फिरायचाच. लोखंडाचा तो खणखणाट ऐकून माझं डोकं उठायचं.

"अहो, जरा टेका ना!"

"टेकलो तर इथलाच होईन," तो म्हणायचा.

लिसानेला मिसरूड फुटलं, तोवर माझा बाप गेला होता. एका सकाळी खालून नगारे ऐकू आले. राजा मेला होता. नवा राजा न्यायला सरदार वर येणार, म्हणून डोंगरावरचे सगळे अबेतो न्हाऊन, पांढरी वस्त्रं नेसून चर्चसमोर उभे राहिले. अकालेही त्या दिवशी एका जागी उभा होता.

सरदार त्याच्यासमोर आला. "अबेतो, जरा बाजूला व्हा."

"कोणाला नेताय?"

"तुमच्या मुलाला."

मुलगा कोवळा होता. ऐकण्यातला राहील, असा त्यांचा हिशेब. लिसाने आमच्या पायाशी वाकला. "बाबा, तुम्हाला खाली आणतो. पहिलं काम तेच."

"जा," अकाले म्हणाला. "आणि पायऱ्या जपून उतर, शेवाळ आहे."

त्यानंतर मध आला, रेशमी अंगरखे आले. एकदा तर खोगीर घातलेलं खेचरही आलं. अकाले त्याच्याभोवती एक फेरी मारून मला म्हणाला, "बघ, पोरानं वाहन पाठवलंय. यावर बसून कुठे जाऊ, टाक्यापर्यंत?"

अशी कितीतरी वर्षं गेली. मग दरबारातून एक म्हातारा साधू वर आला. निरोप असा, की अकालेनं साधूची टोपी घेतली तर त्याला खाली उतरता येईल. साधूला गादीवर बसता येत नाही आणि बायकोही ठेवता येत नाही.

मी भडकले. "पोटच्या पोरानं बापाला ही अट घालावी?"

"त्याच्या जागी मी असतो, तर एवढंही दिलं नसतं," अकाले म्हणाला. मग अंगणात इकडून तिकडे चालत राहिला. शेवटी माझ्यासमोर येऊन थांबला. "तू काय म्हणतेस?"

"मी नको म्हटलं तर राहाल?"

तो पुन्हा चालायला लागला.

"मग विचारता कशाला!"

टोपी देताना ती घेणाऱ्यावर, तो जगाला मेला म्हणून, मेलेल्या माणसाच्या प्रार्थना म्हणतात. त्या सगळ्या ऐकत मी उभी होते. नवरा समोर जिवंत, आणि शेजारणी माझं सांत्वन करत होत्या. मग तो निघाला. जन्मभर ज्या वाटेसाठी तडफडला, तिच्या पायऱ्या उतरताना त्याला घेरी आली. खालची दरी बघून तो भिंतीला चिकटला आणि लहान मुलासारखा बसून, घसटत उतरला. त्याच्या अंगणातल्या फेऱ्यांनी पडलेली पायवाट मी त्याच दिवशी खणून टाकली. तिथे कांदे लावले.

मी कैदी नव्हते. लिसानेनं बोलावलं तशी त्याच्या छावणीत राहायला गेले; राजाचा दरबार तंबूंतच फिरता असतो. अकाले कुठल्याच मठात टिकत नाही, असं कानावर यायचं. एकदा तो छावणीपाशी आला. पाय अनवाणी, भेगा रक्ताळलेल्या. मी भाकरी घेऊन कुंपणापाशी गेले.

"बरे आहात?"

"पाय दुखतात, सेबेले."

"मग थांबा चार दिवस. मुलाला तरी भेटा."

"मी भेटलो, की सरदार त्याला खोदून खोदून विचारतील, काय बोलणं झालं म्हणून. नको." भाकरी झोळीत टाकत म्हणाला, "नदीला उतार आहे तोवर पलीकडे जायचंय."

पलीकडे पोचला तो. दोन पावसाळ्यांनंतर तिथल्या मठातून कोणीतरी सांगत आलं, की काठावरच तापानं गेला. सरदार लगेच म्हणाले, राजघराण्याची हाडं डोंगरावरच्या चर्चमध्येच जायला हवीत, तशी रीतच आहे. लिसाने खाली मान घालून ऐकत होता. मी आयुष्यात पहिल्यांदाच दरबारात तोंड उघडलं.

"राजाचा मुलगा तुम्ही केव्हाच पुरलात. प्रार्थना म्हटल्यात, मी ऐकल्या. आता मेलाय तो एक साधू. त्याला कोणी हात लावायचा नाही."

मग लिसाने म्हणाला, "आई म्हणते तसं करा."

काठावरच पुरला त्याला, बाभळींच्या सावलीत. गेल्या पुरात तिथला काठ जरा ढासळला, म्हणतात. दगड रचून घेऊ का, असं लिसानेनं विचारलं होतं. मी नको म्हटलं.