कुरकुरायला शिकवलेलं दार

तुमचा यावर विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच वाईट वाटेल, कारण माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडलं असा त्याचा अर्थ होईल. पण भर दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, आमच्या मागच्या खोलीत मी रात्र तयार केली होती, आणि ती इतकी पक्की झाली की नंतर काढता निघेना.

हे मी एका कॉलेजच्या वर्गात, फळ्यासमोर उभा राहून सांगितलं. तिथे कसा पोचलो ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा भरकटला.

माझी नात चित्रपट शिकते. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. त्यांच्या बाईंनी वर्गाला काम दिलं, भयपटाची फक्त सुरुवात करून आणा. पुढची गोष्ट नको. प्रेक्षकाला उंबऱ्यापर्यंत न्यायचं आणि तिथेच सोडून द्यायचं. सगळ्यांच्या सुरुवाती वर्गात दाखवायच्या, आणि मग ज्याने त्याने उभं राहून सांगायचं की हे करताना आपण काय शिकलो. त्यातून बाई एकच सुरुवात निवडणार. तिचा अख्खा चित्रपट सुट्टीत कॉलेजच्या कॅमेऱ्यावर पुरा होणार, बाकीच्या सुरुवाती जन्मभर सुरुवातीच राहणार.

भिंगरीला तो कॅमेरा हवा होता. इतका, की जेवताना घास हातात धरून ती समोरच्या भिंतीवर पुढचा चित्रपट बघत बसायची. आमटी निवायची, पण तिची नजर हलायची नाही.

आणि नेमका बोलायच्या दिवशी तिचा आवाज बसलेला होता. साधासुधा नाही. तोंड उघडलं की घशातून नुसता वारा.

म्हणून मी गेलो.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "ज्याचं काम त्यानेच बोलायचं, असा नियम आहे."

"काम तिचं, पण दार माझं आहे," मी म्हणालो. "दाराच्या वतीने बोललं तर चालेल का?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. बाईही हसल्या, पण नियमाच्या पक्क्या होत्या. "दाराच्या वतीने बोला, आम्ही ऐकू. पण भिंगरीला निवडीत धरायचं तर वर्ग संपेपर्यंत ती काय शिकली हे तिच्याच तोंडून यायला हवं. एक वाक्य पुरे. चिठ्ठी मात्र चालणार नाही, बाकीच्यांनाही मी चालू दिली नाही."

भिंगरी पहिल्या बाकावर गळ्याला मफलर गुंडाळून बसली होती. तिने तोंड उघडलं, वारा गेला, तिने तोंड मिटलं. मग सुटलेल्या बसकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

मी घसा खाकरला आणि सांगायला लागलो.

मी सुतार. त्यातही दारांचा सुतार. खुर्च्या-टेबलं केली नाहीत असं नाही, पण जीव दारात. मी बसवलेलं दार कुरकुरत नाही. तान्हं मूल घरात आलं की लोक त्या खोलीचं दार माझ्याकडून करून घ्यायचे. तेलाची छोटी कुपी माझ्या खिशात चष्म्याशेजारी असते, आजही आहे. कुठे पाहुणा गेलो आणि दार कण्हलं, की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. आमची ही असताना म्हणायची, "अहो, निदान आधी घरातल्या माणसांना नमस्कार करा, मग दाराला."

आणि माझ्याच नातीने मला सांगावं, "आजोबा, मागच्या खोलीचं दार कुरकुरलं पाहिजे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण नात ती नात.

तिची सुरुवात अशी होती. रात्र आहे. एक बाई आरशासमोर बसून केस विंचरते आहे. आरशात मागचं दार दिसतं. ते कुरकुरत अर्धं उघडतं. मग दार जवळून दिसतं, ते कुरकुरतच पूर्ण उघडतं, आणि मागे कोणी नाही. अंधार. किंकाळी. संपलं.

आता रात्र हवी. पण सूनबाई, म्हणजे भिंगरीची आई, जिला आरशासमोर बसायचं होतं, ती दातांच्या दवाखान्यात कामाला असते आणि संध्याकाळी दमून येते. सुट्टीच्या दिवशी दुपारीच काय ती मोकळी. तेव्हा रात्र दुपारीच करायची ठरलं. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, घोंगड्यांवर सतरंजी, सतरंजीच्या फटींना काळा कागद. कौलातून एक कवडसा तरीही यायचा, त्याला मी लाकडाची चीप ठोकून बंद केलं. दिव्यावर निळं कापड टाकलं.

आणि मग, पोरांनो, ती खोली बदलली. आत पाऊल टाकलं की दुपार कुठे होती ते आठवायचंच नाही. निळ्या उजेडात धूळ अशी तरंगत होती, जणू खोली पाण्याखाली गेली आहे आणि आपण तळाशी उभे आहोत. आवाज मऊ झाले. सूनबाई केस विंचरत होती तर कंगव्याचा आवाज लांबून, दुसऱ्याच कुठल्या घरातून आल्यासारखा येत होता. मांजर आत आलं, त्याचे डोळे विस्फारले, आणि जांभई देऊन ते पुन्हा शिकारीला निघालं. शेजाऱ्यांचा कोंबडा खिडकीखालून जाताना थबकला. आपलं आरवायचं राहून गेलं की काय, अशा विचारात बराच वेळ एका पायावर उभा राहिला.

"कोंबडा तुम्हाला कसा दिसला?" मागून एक मुलगा म्हणाला. "खिडकीवर तर घोंगडी होती."

"दिसला कुठे म्हटलं? त्याचा विचार ऐकू आला," मी म्हणालो. "तू जरा धीर धर."

मी स्टुलावर बसलो होतो. डोळा लागला म्हणणार नाही, पण त्या निळ्या पाण्यात मला एक माळ दिसला. घरं नाहीत, भिंती नाहीत, आणि मी आयुष्यभर केलेली सगळी दारं त्या माळावर आपापल्या चौकटीत उभी. बाळाच्या खोलीचं, वाचनालयाचं, दातांच्या दवाखान्याचं. सगळी किलकिली. वारा होता, दारं हलत होती, पण एकाचाही आवाज नाही. मी त्यांच्यामधून चालत गेलो. एका दारापलीकडे आमची ही उभी होती असं वाटलं, ओला हात पदराला पुसत. मी ते ढकललं, ते उघडलं, आणि ते इतकं अलगद उघडलं की तिला कळलंच नाही कोणी आलं आहे. ती वळलीच नाही.

जागा झालो तेव्हा वाटलं, दाराला थोडा आवाज असायला हरकत नाही.

मग लागलो कामाला. बिजागरीचं तेल साबणाच्या पाण्याने धुतलं, स्क्रू सैल केला, फटीत लाकडाची ढलपी कोंबली. दार गप्प. भिंगरी म्हणाली, "आजोबा, आवाज नंतर संगणकावर घालता येईल." मी म्हणालो, "माझ्या दाराला उसना आवाज? मी अजून मेलो नाही." मग मी दाराला समजावलं. म्हटलं, बाबा रे, तुला मी वळण लावलं, आता पोरीसाठी थोडं वळण सोड. दार लाजलं. लाकूड लाजलं की फुगतं, ते पावसाळ्यात फुगतं त्याहून वेगळं. तेवढ्याने खीळ घट्ट झाली, आणि दार बोललं. कुर्र. म्हातारं माणूस खुर्चीवरून उठताना बोलतं तसं. मी उठताना तसंच बोलतो, तेव्हा हे कुठून शिकलं ते उघड होतं.

आरशातला शॉट झाला. दार कुरकुरत अर्धं उघडलं. भिंगरीने कॅमेऱ्यामागून अंगठा दाखवला.

मग किंकाळी. ती सूनबाईला जमेना. दिवसभर दातांच्या खुर्चीशेजारी उभं राहून लोकांच्या किंकाळ्या ऐकते, स्वतःची काढायची म्हटलं की तिला हसू फुटतं. "घाबरू नका, जरासं दुखेल," असं कॅमेऱ्याला सांगून ती लोळायला लागली. शेवटी भिंगरी म्हणाली, "आई, तू नुसतं तोंड उघड, किंकाळी मी देते." आणि तिने दिली. पहिली बारीक झाली, दुसरीत मांजर ओरडलं, पुढचीला शेजारीण धावत आली, तिला चहा पाजून परत पाठवलं. भिंगरी देतच राहिली. आम्ही सगळेच मग चहाला थांबलो. त्यानंतर तिने दाराचा जवळून शॉट घेतला. तिच्या कानात तोवर नुसत्या घंटा वाजत होत्या.

तिचा आवाज गेला तो असा. पण तो गेला कुठे हे घशाच्या डॉक्टरला विचारू नका, मला विचारा. खोली चहूबाजूंनी बंद होती. इतक्या किंकाळ्या जाणार कुठे? लाकडात मुरल्या. संध्याकाळी मी ते दार उघडलं तर ते भिंगरीच्या आवाजात "आजोबा, माझा चार्जर कुठे आहे" म्हणालं. शप्पथ. आणि रात्र तर निघेचना. घोंगड्या काढल्या, खिडक्या सताड उघडल्या, बाहेर अजून ऊन होतं, पण आत निळा अंधार घोट्याएवढा साचलेला. सूनबाईने केरसुणीने लोटून बाहेर काढला. कोपऱ्यात अजून थोडा आहे, मांजर तिथेच झोपतं.

वर्ग हसत होता. बाईंनी मात्र हात वर केला आणि म्हणाल्या, "आजोबा, चित्रपटाकडे येऊ. आम्ही सगळ्यांनी आत्ताच तो पाहिला. दार कुरकुरत अर्धं उघडतं, मग जवळून दिसतं तेव्हा आवाज एकदम बंद होतो. बाकीचं सगळं चांगलंच आहे, पण मला विचारायचं आहे ते त्या जागेबद्दल."

कोंबड्याबद्दल विचारणारा मुलगा म्हणाला, "तिथे माझ्या अंगावर काटा आला, बाई. वाटलं, त्याला कळलं की आपण ऐकतोय."

"आणि बिजागरीतून ते काळं ओघळत होतं," खिडकीजवळची मुलगी म्हणाली. "रक्त. मी तर डोळेच मिटले."

"तेच," बाई म्हणाल्या. "तो आवाज थांबणं आणि ते ओघळणं, हे ठरवून केलं होतं का? कारण ठरवून केलं असेल तर या वर्गातली ती सर्वात धीट कल्पना आहे. मी माझ्या निवडीच्या अगदी जवळ आले आहे."

भिंगरीने मफलर दोन्ही मुठीत धरला होता. तिला बाईंकडे बघवत नव्हतं. त्या शॉटची गंमत तिला घरी चित्रं जोडताना कळली होती. तोवर घोंगड्या पेटीत गेल्या होत्या, सूनबाई दवाखान्यात, आणि काम दुसऱ्या सकाळी द्यायचं होतं. संगणकासमोर ती कितीतरी वेळ तसाच तो तुकडा पुढेमागे करत बसली होती. कुर्र, आणि मग काही नाही. कुर्र, आणि मग काही नाही. मी दारातून बघितलं आणि पाय न वाजवता परत गेलो.

आता बाई माझ्याकडे बघत होत्या. एक "हो" म्हणायचा अवकाश होता. पण नुसतं "हो" म्हणणं माझ्या स्वभावात नाही. मी खिशावरून हात फिरवला, कुपी चष्म्याला लागून किणकिणली.

"बाई," मी म्हणालो, "ठरवलं दाराने. अर्ध्यापर्यंत ते आपल्या पोरीसाठी कुरकुरलं. पण तिथे आल्यावर त्याला पलीकडचं दिसलं. आम्हाला कुणाला दिसलं नाही, कारण आम्ही अलीकडे होतो. दाराला दोन्ही बाजू दिसतात. त्याने जे बघितलं त्याने त्याची दातखीळ बसली. मी चाळीस वर्षं दारांत काढली, भीतीने मुकं झालेलं दार मी ओळखतो. आणि ते ओघळत होतं ते रक्त नव्हे, पोरी. तो घाम होता. घाबरलेल्या सागवानाला बिजागरीपाशी घाम फुटतो. काळा असतो, जरा चिकट."

कोणी हसलं नाही. खिडकीजवळच्या मुलीने हात चोळले. बाईंनी पेन उचललं आणि विचारलं, "म्हणजे भिंगरीने ते ओळखून तसंच ठेवलं?"

"अर्थात," मी म्हणालो. "तिची नजर आहे तशी."

पहिल्या बाकाचं लाकूड करकरलं. भिंगरी उभी राहिली होती. तिने तोंड उघडलं, आधी वारा आला, मग वाऱ्याच्या मागून, अर्धं उघडून अडलेल्या दारासारखा, कण्हत, फाटका, पण तिचा स्वतःचा आवाज आला.

"खोटं," ती म्हणाली. "घाम नाही तो. तेल आहे. चहाला थांबलो तेव्हा तुम्ही घातलंत, आजोबा, सवयीने, आणि घोंगड्या काढायच्या आधी मी तो शॉट पुन्हा ऐकलाच नाही. हे शिकले मी."