पलीकडे गेलेले मणी

मित्रांनो, मी एक म्हातारी मण्यांची चौकट आहे. मला बनवताना सुताराने एक तार जरा वाकडी बसवली, म्हणून तिच्यावरचे मणी अजून अडखळतात. बाकी मी ठणठणीत आहे.

पहिलीच्या वर्गात, बाईंच्या टेबलावर माझा काय थाट असायचा! "तीन आणि दोन किती?" असं विचारलं, की एखादं इवलंसं चिकट बोट मणी ढकलत यायचं. कधी त्याला खाऊ लागलेला असे, तर कधी शेंबूड. तेव्हा मी नाक मुरडायचे. आज त्याच बोटांच्या आठवणीने जीव कासावीस होतो.

वर्गातल्या एका मुलीला सगळे ठकी म्हणायचे. बेरीज म्हणजे तिच्या हातचा मळ. वजाबाकी आली, की मात्र हात पाठीमागे धरून बसायची. हिला दुसरीत कसं पाठवायचं, या काळजीने बाई हैराण झाल्या होत्या.

एकदा बाईंनी तिला जवळ बसवलं. "सातातून तीन गेले, उरले किती? काय गं, इथेच का तुझं घोडं अडतं?"

ठकी पुटपुटली, "आमचे आजोबा पण गेले. आई म्हणते, गेलेले परत येत नाहीत. मग मी मण्यांना कशाला घालवू?"

बाईंनी ठकीचं बोट धरून माझे तीन मणी हळूच सरकवले. "हे गेले. आता कुठे आहेत?"

"त्या टोकाला."

"आणि तार?"

"तीच आहे." ठकी बघत राहिली. मग अलीकडचे मणी मोजून म्हणाली, "चार उरले." ते तीन तिने परत आणले, पुन्हा नेले, पुन्हा आणले. घंटा झाली तरी तिचं चालूच होतं.

ठकी दुसरीत गेली. जाताना तिने वळूनही पाहिलं नाही, मुलंच ती. पुढे बाई निवृत्त झाल्या, भिंतीवर पडदा आला आणि त्यावर चित्रातले मणी आपोआप सरकू लागले. मला कपाटावर ठेवलं.

पडद्यावर माझा राग नाही. पण मित्रांनो, बेरीज-वजाबाकी नुसती बघून येत नाही, बोटांनी पुन्हा पुन्हा करावी लागते. म्हणून कोणा मोठ्या माणसाला सांगून मला खाली काढा, धूळ पुसा. 'ती जुनी चौकट गेली आता,' असं कोणी म्हणालं, तर बाईंसारखं विचारा, कुठे गेली? मी इथेच आहे, तारेच्या त्या टोकाला, तुमच्या बोटाची वाट बघत.