पामर गुंडरसनच्या नावावरची स्टुडबेकर

लेस्टरच्या भंगारवाड्यातून अर्विड टॉर्कल्सनने ती जुनी स्टुडबेकर गाडी घरी आणली, तेव्हा इंजिनाच्या जागी मनगटाएवढ्या खोडाचं झाड उभं होतं आणि मागच्या सीटवर उंदरांच्या कैक पिढ्या नांदून गेल्या होत्या. त्याची बायको मार्लिस हात पुसत अंगणात आली आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "गाडी आणलीस की बाग? नाही, पाणी कोणी घालायचं ते आत्ताच ठरवू."

"तशी वाईट नाहीये," अर्विड म्हणाला. आमच्या नॉर्डबी गावात याहून जास्त कौतुक कुणी स्वतःच्या लग्नातही करत नाही.

पुढचे दोन हिवाळे तो शेडमध्येच होता. जन्मभर डेअरीचा दुधाचा ट्रक चालवलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवत होते. झाड गेलं, उंदीर गेले, कुठून कुठून इंजिनाचे भाग आले. मार्लिस बाहेर बर्फात कॉफीचा थर्मास घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "काय म्हणतेय तुझी ती? जेवायला सोडते का आज?" आणि मग या वसंतात एका सकाळी स्टुडबेकर खोकली, शिंकली आणि चक्क सुरू झाली. हिरवागार रंग, पुढे विमानासारखं टोकदार नाक. मार्लिसने लगेच शेजारच्या नेल्सनबाईंना फोन करून बोलावून घेतलं, यावरून काय ते समजावं.

घोडं अडलं होतं ते कागदावर. लेस्टरने विकताना एक चिठ्ठी खरडून दिली होती, तेवढीच. मालकीचं टायटल नव्हतंच. टायटल नाही तर नंबरप्लेट नाही, आणि नंबरप्लेट नाही तर गाडी कितीही नटवली तरी शेडच्या दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही.

अर्विडला घाई होती, आणि ती का होती हे एकट्या मार्लिसला ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याची नजर मधोमध विरत चाललीय. कडेकडेचं दिसत राहील, नेमकं समोरचं जाईल. ऑक्टोबरात वाढदिवस, त्याच दिवशी लायसन संपणार, आणि नवं मिळवायला डोळ्यांची तपासणी. त्यात काही तो पास होणार नव्हता. "तोवर दिवसाउजेडी चालवा, ओळखीच्या रस्त्यांवर," डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे हातात हा एकच उन्हाळा. मार्लिसचा उपयोग नव्हता. तिने आयुष्यभर ऑटोमॅटिक गाड्या चालवल्या. क्लच एकदाच दाबला होता, त्यात नेल्सनांचं कुंपण गेलं होतं. ऑक्टोबरनंतर स्टुडबेकर शेडमध्ये ताडपत्रीखाली जाणार हे ठरलेलंच होतं.

कोर्टाच्या इमारतीतल्या वाहननोंदणीच्या काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. तिने अर्विडने दिलेला गाडीच्या सांगाड्यावरचा नंबर घेतला, आत फोन केला, जुन्या नोंदी काढायला लावल्या आणि आठवड्याने त्याला बोलावून सांगितलं, "शेवटचा मालक पामर गुंडरसन."

"तो तर चर्चमागे असतो आता. कबरीत."

"वारस असेल ना कुणी? त्यांनी हक्क सोडल्याची सही केली की दोनेक आठवड्यांत टायटल हातात. नाहीतर मग हमीपत्र, कोर्ट... बर्फ पडेल तोवर."

"बायको आहे त्याची. हिल्माबाई."

"मग झालंच की. जाऊन सही आणा, पाच मिनिटांचं काम." ती मुलगी शिकागोहून नोकरीला आली होती. तिला बिचारीला काय कल्पना.

आमच्याकडे कुणी काही देऊ केलं तर आधी 'नको नको' म्हणायचं असतं. पुन्हा विचारलं की 'उगाच तुम्हाला त्रास'. तिसऱ्यांदा विचारलं की मग 'बरं, अगदी थोडंसं'. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर भुकेने कोसळायच्या बेतात असतो. विचारणाराही तीनदा विचारतो. यात काही लिहून ठेवलेलं नाही, पण सगळं गाव याच्यावर चालतं.

हिल्मा गुंडरसन सत्त्याऐंशी वर्षांच्या. तरुणपणी गावाबाहेरच्या एकखोली शाळेत शिकवायच्या. अर्विडलाही पाढे त्यांनीच घोटून घेतले होते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून त्यांची नजर इतकी तीक्ष्ण झाली होती, की चर्चमध्ये शेवटच्या बाकावर कोण पेंगतंय हे त्या पहिल्या बाकावरून मान वळवून सांगत. अजून स्वतःची गाडी स्वतः चालवत.

अर्विड त्यांच्या स्वयंपाकघरात बसला. पावसावर बोलून झालं, मक्यावर बोलून झालं, पास्टरच्या पाठदुखीवर बोलून झालं. कॉफीला त्याने दोनदा नकार देऊन तिसऱ्यांदा होकार दिला, केकचंही तसंच. मग बाईच म्हणाल्या, "मार्लिस सांगत होती, तुला माझी कसलीशी सही हवीय. पामरच्या गाडीवर."

"हो, म्हणजे, तशी काही घाई नाही."

"आण की इकडे, करून टाकते."

"नको नको, तुमची कॉफी गार होईल."

"एका सहीने काय गार व्हायचीय?"

"उगाच तुम्हाला त्रास."

आता तिसऱ्यांदा विचारतील म्हणून अर्विडने शर्टाच्या खिशाकडे हात नेला. बाईंनी आपला कप भरून घेतला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मक्याला अजून एक पाऊस हवा होता, नाही?"

अर्विडचा हात खिशावरच राहिला. आता काय करावं हे त्याला कळेना, कारण असं कधी झालंच नव्हतं. निघताना दारात उभं राहून त्याने अर्धा तास निरोप घेतला, मग गाडीपाशी अर्धा तास. बाईंनी सहीचा विषय काढला नाही.

"म्हणजे त्यांनी दोनदा विचारलं आणि तू दोनदा नको म्हणालास," घरी मार्लिस म्हणाली.

"मग काय एकदम हो म्हणू? काय वाटेल त्यांना?"

"त्यांना वाटेल, याला सही हवीय."

पुढच्या आठवड्यात तो परसातल्या ऱ्हुबार्बचे आंबट देठ घेऊन गेला. पुन्हा कॉफी, पुन्हा दोनदा विचारणं, आणि पुन्हा ऐन वेळी बाईंनी पास्टरची पाठ काढली. अर्विड परतला तो मुरांब्याची बरणी घेऊन. त्यानंतरही एकदा गेला, आणि त्या वेळी तर सहीची गोष्ट निघालीच नाही. "वजन वाढतंय तुझं तिकडे जाऊन जाऊन," मार्लिस म्हणाली. "कागद मात्र खिशात होता तसाच. धुवायला टाकू का शर्ट त्याच्यासकट?"

जून गेला. जुलैत एका सकाळी अर्विड कॉफी ओतत होता आणि ती कपाशेजारी टेबलावर पडत होती, हे त्याला मार्लिसने हात धरेपर्यंत कळलं नाही. मार्लिसने फडकं आणून टेबल पुसलं. त्या दिवशी तिने थट्टा केली नाही. ओट्याकडे तोंड करून ती फडकं पिळत राहिली, आणि तिला रडू येतंय हे ती पाठमोरी असूनही त्याला दिसलं. त्याला भीती वाटली, पहिल्यांदाच, अगदी लहान मुलाला वाटते तशी.

"नेल्सनचा ट्रेलर आण," ती शेवटी म्हणाली. "त्या तुझ्या बयेला चढव त्याच्यावर. आज मी येतेय बरोबर."

पिकअप मार्लिसने चालवली, मागे ट्रेलरवर स्टुडबेकर. हिल्माबाई ओसरीवर मटार सोलत बसल्या होत्या. पिकअप फाटकातून वळली तशा त्या उभ्या राहिल्या आणि मांडीवरचे मटार सगळीकडे सांडले. अर्विडने गाडी उतरवून अंगणात उभी केली. बाई हळूहळू आल्या, गाडीच्या नाकावर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या.

"निळी होती," त्या म्हणाल्या.

"तुम्ही शाळेत घेऊन यायचात ती?" अर्विडने विचारलं. त्याला आत्ता आठवलं: शाळेच्या दारात उभी असलेली निळी गाडी, आणि तिला हात लावला म्हणून खाल्लेला मार. "मला वाटलं पामरची."

"कागदावर पामरची. लग्न झालं की सगळं नवऱ्याच्या नावावर करायची पद्धत होती. पैसे माझे होते, शाळेच्या पगाराचे." त्यांनी हात काढला नाही. "त्याला ट्रॅक्टरला जागा हवी होती. एके दिवशी सकाळी मला म्हणाला, ही भंगारात देऊन टाकू का लेस्टरच्या बापाला? मी म्हटलं, तुझी मर्जी. म्हटलं, अजून दोनदा विचारेलच. याच गावात वाढलेला माणूस, त्याला कळायला नको? मी भांडी घासून बाहेर आले तर शेड रिकामी."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?" मार्लिसने विचारलं.

"काय बोलणार? 'तुझी मर्जी' म्हणून बसले होते ना. नंतर चाळीस वर्षं संसार केला त्याच्याबरोबर, चांगला होता तो. पण ती सकाळ काही मी त्याला माफ केली नाही. मला स्वतःलाही नाही." त्या अर्विडकडे वळल्या. "तेव्हापासून मी तिसऱ्यांदा कुणाला विचारत नाही. ज्याला हवंय त्याने तोंड उघडावं."

मार्लिसने नवऱ्याकडे बघितलं.

अर्विडचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "बाई," तो म्हणाला, "मला सही हवीय. आज. माझे डोळे चाललेत. ऑक्टोबरनंतर मला गाडी चालवता येणार नाही, कुठलीच. हा उन्हाळा मला ही चालवायचीय." एवढं बोलून तो एखादं ओझं खाली ठेवल्यासारखा धापा टाकू लागला.

"मग जूनमध्येच सांगायचंस की," बाई म्हणाल्या. "गाढवा." त्यांनी तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, शाळेतल्या फळ्यावर लिहीत तशा सुबक अक्षरांत सही केली. पेन त्याच्या खिशात अडकवलं आणि हात पुढे केला. "दे आता किल्ली. फाटकापर्यंतचा रस्ता माझ्या मालकीचा आहे, तिथे नंबरप्लेट लागत नाही. पहिल्यांदा मी चालवणार."

'हो हो, तुम्हीच,' हे अर्विडच्या जिभेवर आलेलं मार्लिसला स्पष्ट दिसलं. त्याने ते गिळलं.

"नाही," तो म्हणाला. "आधी मी."

हिल्माबाई मोठ्याने हसल्या. "जमलं की तुला. बस मग."

तो स्टिअरिंगमागे बसला, बाई शेजारी, मांडीवर पर्स घेऊन, चर्चला निघाल्यासारख्या. खडीचा तो रस्ता अर्ध्या मैलाचा, दोन्हीकडे मका. दुसऱ्या गिअरमध्ये गाडीने छान सूर धरला आणि अर्विडला वाटलं, बस, एवढंच हवं होतं. मग त्याने फाटकाशेजारच्या खांबावरची टपालपेटी शोधायला समोर बघितलं. कडेची मक्याची ताटं दिसत होती, कुंपण दिसत होतं, पण नेमकं समोर, जिथे पेटी असायला हवी होती, तिथे काहीच नव्हतं. मान जराशी तिरपी केली तेव्हा ती सापडली. ऑक्टोबर त्याला वाटला होता त्याहून पुष्कळ जवळ होता.

फाटकापाशी त्याने गाडी घराकडे वळवून थांबवली. दोघांनी उतरून जागा बदलल्या. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, क्लच दाबून गिअरचा दांडा दोनदा हलवून बघितला. त्यांचे हात काही विसरले नव्हते.

"बाई," अर्विड म्हणाला, "ऑक्टोबरनंतर मला हिच्यातून फिरवाल का?"

त्याने उत्तरासाठी स्वतःला तयार केलं होतं, 'बघू', 'माझं वय काय', 'मार्लिसला विचार' असल्या कशाला तरी.

"हो," हिल्माबाई म्हणाल्या.

इतक्या चटकन आलेल्या त्या होकाराने तो गांगरला, आणि जुनी सवय उसळून वर आली. "म्हणजे, तुम्हाला त्रास होणार असेल तर नको, अगदीच—"

"अर्विड," बाई म्हणाल्या, "तोंड मीट आणि दार नीट लाव." आणि त्यांनी क्लच सोडला.