उतारावर आवळलेले बोल्ट

"हे तुम्हाला पटणार नाही," असं मिस्त्री प्रत्येक गोष्टीच्या आरंभी म्हणत, आणि पुढच्या सबंध गोष्टीत तेवढं एकच वाक्य खरं असे.

त्या सकाळी ते गॅरेजात उलट्या डब्यावर, दाराकडे पाठ करून बसले होते. समोर टायरवाला आणि रंगारी. दोघांचीही कामं पडून होती. पण मिस्त्री जावयावर घसरले की हातातलं काम खाली ठेवण्यासारखंच असे.

"जावईबापू म्हणजे काय चीज आहे, सांगू? गाडी आज्याच्या वयाची आणि हे तिला बाळाच्या लंगोटासारख्या मऊ फडक्यानं पुसतात. पेट्रोल भरताना हातमोजे! बॉनेट उघडतात ते फोटोपुरतं. आत काय आहे विचारलं तर म्हणतील, इंजिन. एवढं मात्र बरोबर सांगतील हो."

टायरवाला खिंकाळला. "मग पोरगी दिलीत कशाला?"

"तिनं मला विचारलं होय?"

गेल्या महिन्यात याच गाडीचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधलं पातळ पान, जळलं, तेव्हा मिस्त्रींनीच हेड उतरवून तांब्याचं नवं गॅस्केट बसवलं होतं. असलं गॅस्केट थोडं चाललं की दबून बसतं, आणि वरचे बोल्ट सैल पडतात. म्हणून इंजिन पुरतं थंड करून, मधल्या बोल्टापासून सुरुवात करत बाहेर बाहेर जात, सगळे पुन्हा आवळावे लागतात. मिस्त्रींची त्यावर एक खूण असे. पहिल्यांदा आवळले की प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर पांढरा ठिपका. दुसऱ्यांदा आवळले की त्याच्यावरच लाल. या गाडीचे बोल्ट कुठल्या झाकणाखाली दडलेले नव्हते. बॉनेट वर केलं की सगळी रांग समोर. मुलगी लहान होती तेव्हा हे ठिपके द्यायचं काम तिचंच. फ्रॉकला रंग लावून घेई आणि आईच्या शिव्या बापाला खायला घाली.

"पुढच्या आठवड्यात आणा, पुन्हा आवळायचे आहेत," असं मिस्त्रींनी बजावलं, तेव्हा जावई हसले होते. "मामा, ती जुन्या लोकांची भानगड. गॅस्केट विकणाऱ्यानं सांगितलंय, एकदा आवळलं की झालं."

विकणाऱ्यानं! ज्यानं आयुष्यात डबीच्या झाकणापलीकडे काही आवळलं नसेल, त्यानं! मिस्त्रींनी ठरवलं, येईल झक मारत. आठवडे गेले, जावई आले नाहीत. आणि आज ती गाडी डोंगरावरच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला निघायची होती. सोबत मुलगी आणि नात. चढावर गॅस्केट उडालं, तर त्या दोघी रस्त्यात आणि नाव मिस्त्रींचं मातीत, तेही सगळ्या हौशी मंडळींच्या देखत. पण पाना घेऊन जावयाच्या दारात उभं राहणं मिस्त्रींना जमणारं नव्हतं. थाप मारणं जमणारं होतं.

"तर काय झालं," मिस्त्री म्हणाले, "परवा जावईबापूंनी मला फिरायला नेलं. टेकडीवर पोचलो, आणि परत येताना पेट्रोल वाचावं म्हणून या कंजूष माणसानं उतारावर इंजिन बंद केलं. मी म्हटलं, हीच वेळ. पाना कोटातच होता. दार उघडलं, पायरीवर पाय, मडगार्डवर बूड, आणि बॉनेटचं एका बाजूचं झाकण वर!"

"चालत्या गाडीत?"

"धावत्या! वारा असा सुटलेला की पहिल्या वळणाला हेड कोमट, दुसऱ्याला थंडगार. मधल्या बोल्टापासून सुरुवात केली. कट्‌! डावीकडचा. कट्‌! उजवीकडचा. कट्‌!"

"आणि जावयांना कळलं नाही?"

"ते आरशात भांग बघत होते."

बाहेर रस्त्यावर एक गाडी येऊन थांबली. इंजिन चालूच होतं, आणि प्रत्येक ठोक्यामागे बारीक फिस्स, फिस्स. टायरवाल्यानं कान टवकारले. मिस्त्रींना तो आवाज त्याच्याही आधी ऐकू आला होता. सैल हेडखालून सुटणाऱ्या हवेचा असा आवाज ते झोपेतही ओळखत. त्यांनी आपला आवाज चढवला.

"उतार संपायच्या आत रांग पुरी! शेवटचा बोल्ट आवळला आणि मांजरासारखा आत येऊन बसलो. हा शहाणा मला विचारतो, मामा, झोप लागली होती का?"

"एवढं सगळं केलंत," रंगारी डोळे बारीक करून म्हणाला, "मग लाल ठिपके राहिले असतील."

इथे शहाण्या माणसानं हो म्हटलं असतं.

"राहतील कसे? डबी खिशात, ब्रश दातात! वळणावळणावर एकेक ठिपका दिला. आजही बॉनेट उघडून बघा, कुंकवासारखे लालभडक!"

दोघं हसले नाहीत. ते मिस्त्रींच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. जावई बूट खराब होतील म्हणून गाडीतच बसून होते. दारात मुलगी उभी होती, कडेवर पोर, दुसऱ्या हातात पाण्याचा रिकामा कॅन.

"बाबा," ती म्हणाली, "आत्ता कोपऱ्यावर पाणी घालायला मीच बॉनेट उघडलं होतं. सगळे ठिपके पांढरे आहेत. तुम्ही खोटं बोलताय. बोल्ट अजून आवळलेलेच नाहीत."