डावा दोन बोटं खाली

कंपनीचे दिवे काढून जास्त उजेडाचे बल्ब बसवून द्या, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला बाबा चाळीस वर्षं एकच उत्तर देत आले. "समोरच्याचे डोळे फोडायचेत का? मग हातोडीच घ्या ना." निम्मी गिऱ्हाइकं हसायची, निम्मी तडक दुसरं गॅरेज गाठायची. बाबांना दोन्हींचं सारखंच समाधान वाटायचं.

त्यामुळे त्या दुपारी ते स्वतःची गाडी घेऊन आले, काच खाली करून म्हणाले, "दिवे बदल, ते झगझगीत बल्ब बसव," तेव्हा मला वाटलं माझी चेष्टा चालली आहे. शेजारच्या सीटवर आई होती, मांडीवर पिशवी घेऊन. तिचा सुट्टीचा दिवस होता.

"तुम्हीच सांगता ना, दिव्यातली ती चकचकीत वाटी कंपनीच्या बल्बसाठी घडवलेली असते म्हणून? दुसरा बल्ब घातला की उजेड कुठेही उधळतो म्हणून?"

"मी काय सांगतो ते मला नको सांगूस. कंपनीचे दिवे मिणमिणतात. संध्याकाळी रस्ता दिसत नाही."

बाबांशी वाद घालणं मी लग्नाआधीच सोडून दिलं आहे. बॉनेट उघडलं. बल्ब चार महिन्यांपूर्वी मीच घातलेले, ठणठणीत. काच स्वच्छ, कुठे पिवळी पडलेली नाही. मीटर लावला तर बॅटरीचा जोर दिव्यापर्यंत पुरेपूर पोचत होता. दिव्यांत काडीचाही दोष नव्हता. मी बॉनेटखाली मान घालून उगाच दोन मिनिटं जास्त उभी राहिले, कारण पुढचा विचार मला करायचा नव्हता.

आई एका शिवणकामाच्या कारखान्यात कटिंग करते. सात वाजता सुटते. तिला आणायला बाबा रोज गाडी घेऊन जातात आणि येताना ट्रकांच्या त्या मोठ्या रस्त्यावरून अर्धा तास अंधारात येतात. दिवे जर ठीक होते, तर रोज संध्याकाळी माझी आई कोणाच्या भरवशावर घरी येत होती, हा तो पुढचा विचार.

विचारून उपयोग नव्हता. बाबांना साधा ताप आला तरी ते थर्मामीटर खोटा ठरवतात. तेव्हा मी ठरवलं, भिंतीलाच विचारायचं.

आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर एक काळी रेघ आहे. गाडी ठरलेल्या खुणेवर उभी करायची, शटर ओढून अंधार करायचा, दिवे लावायचे. झोताची वरची कड रेघेच्या किंचित खाली यायला हवी. जास्त वर गेली तर समोरच्याचे डोळे दिपतात, जास्त खाली गेली तर आपल्यालाच पुढचं दिसत नाही. दिव्यामागचा स्क्रू मी फिरवते आणि बाबा भिंतीजवळ उभे राहून सांगतात. शेवटी "पास" म्हणतात, मगच गाडी बाहेर जाते. स्क्रू फिरवणाऱ्याने पास करायचं नाही, हा बाबांचा नियम. स्वतःच्या हातचं काम स्वतःला नेहमी बरोबरच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मी तो नियम इतका इमानाने पाळला की बाबा भिंतीकडे बघत असताना मी भिंतीकडे कधी बघितलंच नाही.

तर मी नवे बल्ब बसवले आणि डाव्या दिव्याचा कनेक्टर मुद्दाम सुटा ठेवला. शटर ओढलं, चावी फिरवली. भिंतीवर उजवीकडे पांढराफटक उजेड पडला. डावीकडे मिट्ट काळोख. मागच्या गल्लीतून येणाऱ्या आंधळ्यालाही कळलं असतं, असा फरक.

बाबा त्यांच्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे. परीक्षकाच्या थाटात मान तिरकी.

"उजवा ठीक," ते म्हणाले. "डावा दोन बोटं..."

"डावा बंद आहे," आई गाडीतून म्हणाली.

"...बंद आहे," बाबा म्हणाले, तेवढ्याच रुबाबात. "कनेक्टर बघ."

कुठेही अडखळले नाहीत. मी आईकडे बघितलं. तिने जीभ चावली होती आणि आता ती पिशवीत काहीतरी शोधत होती, जे त्या पिशवीत नव्हतं.

मी गाडी बंद केली आणि शटर अर्धं वर केलं.

"आई, रस्त्यावर पण असंच चालतं का?"

"कसं?"

"तू सांगतेस आणि ते चालवतात."

"सगळं नाही गं सांगत," आई म्हणाली. "लाल झाला, हिरवा झाला, सायकलवाला आहे, डावीकडून माणूस उतरतोय. तेवढंच. गिअर, क्लच, वळणं सगळं त्यांच्या हातापायांत आहे. मला तरी ते कुठे येतं?" हे तिने स्वयंपाकघरातली कामाची वाटणी सांगावी तसं सांगितलं. "बाहेर कुणाला कळलं नाही. तुलाही नाहीच कळलं."

मला राग आला. इतका, की हातातला पाना खाली ठेवावा लागला. दोघांची मिळून वयं एकशे एकेचाळीस, आणि मधे एक गाडी.

"डॉक्टरांना दाखवलंत?" मी बाबांना विचारलं.

"दाखवलं. नजरेचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं." ते भिंतीकडेच तोंड करून होते. "वाटलं, उजेड वाढवला तर वर्षभर निघेल अजून."

"किल्ली द्या."

त्यांनी दिली नाही. किल्ली गाडीलाच होती, ती मी काढून घेतली. खिशात टाकली. एवढं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं, आणि सोपं गेलं म्हणून बरंही वाटलं नाही.

मग बाबांनी स्टूल ओढलं आणि बसले. हाताने चाचपून नाही, रोजच्यासारखे सरळ बसले. त्यांचं स्टूल कुठे असतं ते त्यांना पाठ होतं.

"डावा दोन बोटं खाली," ते म्हणाले. "किती गाड्यांना सांगितलं असेल मी हे?"

मी आठवून बघितलं. बेकरीवाल्याच्या व्हॅनला. नर्सबाईंच्या गाडीला. दोघा टॅक्सीवाल्यांना. प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच सुरात, आणि प्रत्येक वेळी मी डावा स्क्रू निमूटपणे दोन बोटं खाली फिरवला होता. ठीक असलेले दिवे मी स्वतःच्या हाताने बिघडवून पाठवले होते. बेकरीवाला तर मागच्याच आठवड्यात येऊन गेला होता. पहाटे माल पोचवताना डावी कड दिसत नाही, जास्त उजेडाचे बल्ब बसवून द्या म्हणाला. बाबांनी त्याला हातोडीचं ऐकवून परत पाठवलं होतं.

"मी पास केलेल्या सगळ्या गाड्या परत बोलाव," बाबा म्हणाले. "चूक आपली आहे असं स्पष्ट सांग. आडपडदा ठेवू नकोस. स्क्रू तू फिरव, आणि पास करायला दुसरं कुणीतरी बघ. शेजारचा टायरवाला चालेल. तिरसट आहे, पण त्याला दिसतं."

मी नोंदवही उघडली. गाड्यांचे नंबर, मालकांचे फोन, सगळं तारखेवार होतं.

"कधीपासूनच्या बोलावू?"

सवयीप्रमाणे उत्तर गाडीतून आलं.

"गेल्या उन्हाळ्यापासूनच्या," आई म्हणाली. "उन्हाळ्यातच मला म्हणाले ते, सिग्नल बदलला की जरा सांगत जा. तेव्हापासून."

बाबा आता आईचंच वाक्य पुन्हा म्हणतील म्हणून मी पेन टेकवून थांबले.

"नाही," ते म्हणाले. "त्याच्या आधीच्या उन्हाळ्यापासून."

आईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. दिवसभर कटिंगच्या टेबलाशी उभी राहणारी बाई ती.

"ते वर्षभर," ती म्हणाली, "मी येताना गाडीत झोपायचे."